ऊसतोडीला नेलेलं बाळ वजन घटवून परत येतं. काय करावं?

लातूरची_सीएचओ:
नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. पाड्यावर दीड वर्षाचं एक बाळ, दंडघेर ११.२ सेंमी, म्हणजे सॅमच (अतितीव्र कुपोषण). पायावर सूज नाही, ताप नाही, भूक चाचणीत (समोर दिलेला आहार खातं का ते बघतात) पास. ग्राम बाल विकास केंद्रात (गावातच कुपोषित बाळांना आहार-उपचार देतात तिथे) घेतलं, वजन चढायला लागलंय. पण घरच्यांनी मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेत. दिवाळी झाली की गुजरातेत बारडोलीकडे तोडीला निघणार. गेल्या हंगामात याच पाड्यावरची जी पोरं आम्ही सॅममधून बाहेर काढली, ती परतली तेव्हा पुन्हा सॅममध्येच.

आईला म्हटलं, तू थांब, नवऱ्याला जाऊ दे. ती हसली. "उचल जोडीच्या नावावर आहे मॅडम, मी थांबले तर फेडायची कोणी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या ॲपवर) स्थलांतर नोंदवते. पण तिकडच्या अंगणवाडीत बाळ खरंच पोचतं का? कुणाचा अनुभव असेल तर सांगा. फक्त "समुपदेशन करा" म्हणू नका, ते करून झालंय.

सातपुड्याची_आशा:
ताई, मी इथलीच, लहानपणी आईबापासोबत तोडीला गेलेली. ट्रॅकरवरचं नाव पोचतं, बाळ पोचत नाही. पडाव (तोडकऱ्यांचा झोपड्यांचा तळ) शेतामागे हलत राहतो, आणि आईबाप उजाडायच्या आधी फडात. बाळ असतं कुणाजवळ? आठ-नऊ वर्षांच्या बहिणीजवळ. मीच होते ती. सकाळची भाकर पाण्यात कुस्करून दिवसभर भरवायची, रडलं की बिस्किट. आम्ही सगळं समुपदेशन आईला करतो, भरवते मात्र बहीण. तिला बोलवा. हात धुणं, दिवसातून किती वेळा भरवायचं, जुलाब लागले तर ओआरएस कसं कालवायचं, हे तिच्याकडून करून घ्या. पोरी पटकन शिकतात.

सोबत भाजलेल्या दादरचं (ज्वारीचं) आणि मुगाचं पीठ बांधून द्या. उकळत्या पाण्यात शिजवायचं, वरून गूळ-तेल. ओआरएस आणि झिंक जास्त द्या, पडावावर कालव्याचं पाणी पितात.

मुकादम शेजारच्याच गावचा असणार, त्याचा नंबर घ्या. गुजरातेत गावोगाव ममता दिवस (माता-बाल तपासणीचा) असतो, तेव्हा नर्सबाई येते. मुकादमाने मनावर घेतलं तर बाळ तिथे जातं. आणि होळीला सगळे चार दिवस तरी घरी येतातच, उचल फिटो न फिटो. दंडघेराची टेप घेऊन तेव्हाच गाठा, हंगाम संपायची वाट बघू नका.

बंधपत्रित_डॉक्टर:
हिमोग्लोबिन बघितलंत का? नुसतं लोह देत राहू नका. पावरा आणि भिल्ल कुटुंबांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानाला इलेक्ट्रोफोरेसिस. हातापायाची बोटं सुजून गेली होती का, हे आईला मुद्दाम विचारा. एसएस (म्हणजे नुसता वाहक नव्हे, प्रत्यक्ष आजार) असेल तर प्लास्टिकच्या झोपडीतली डिसेंबरची थंडी आणि कमी पाणी, दोन्हीने दुखणं उठतं. मग निदानाचा कागद माता-बाल कार्डातच ठेवायचा, तिकडच्या डॉक्टरला कळलं पाहिजे.

उगाच_एक_वाचक:
बाळाला आजीकडे ठेवता येणार नाही का? आणि रोहयोचं काम?

सातपुड्याची_आशा:
अंगावर पिणारं बाळ आहे दादा, आजीकडे ठेवलं की दूध तुटलं. आजी तरी कुठे बसून असते, ढोरांमागे जाते. रोहयोची मजुरी काम झाल्यावर, तीही कधी महिन्याने. उचल मिळते पावसाळ्यात, घरात दाणा नसताना. माझ्या बापानेही तीच घेतली असती.

लातूरची_सीएचओ:
बहीण आहे, तिसरीत. केंद्रात बाळाला रोज तीच घेऊन येते आणि आम्ही तिला बाहेर बसवत होतो. उद्यापासून आत. सोल्युबिलिटी या आठवड्यात करते. मुकादमाशी मी बोलू, की सरपंचांकडून सांगितलेलं बरं? बाईमाणसाचं ऐकतात का ते?