कुंग्सलेडेनवर एकटीने चालण्याची तयारी

प्रश्न : ऑगस्टमध्ये स्वीडनमधील अबिस्को ते हेमावान ही कुंग्सलेडेन नावाची सुमारे ४४० किलोमीटरची वाट तंबू घेऊन एकटीने चालण्याचा विचार आहे. इंदूरजवळ सरावासाठी जानापावच काय तो डोंगर. तेवढ्याने भागेल का?

उत्तर १ : ताई, भागेल, मात्र भरलेली पाठपिशवी घेऊन, भर पावसात, लागोपाठ दोन दिवस चढावे. माझ्या नव्या बुटाची शिवण पातालपाणीच्या चिखलातच उसवली, आणि ते घराजवळ कळले हे बरेच झाले.

उत्तर २ : गॅसची डबी विमानात नेता येत नाही, म्हणून ती तिकडेच घ्यावी. स्वीडनला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. भाजलेले पोहे न्यावेत, तूप मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. तुपाची बरणी आईने भरूनही ठेवली होती.