'कोनान'मधल्या भट्टीला 'अस्सल' म्हणू नका

ऐरणकर:
काल इथे एकाने लिहिलं की 'कोनान द बार्बेरियन' (१९८२) हा चित्रपट पुन्हा पाहताना सुरुवातीचा तलवार घडवण्याचा प्रसंग 'जुन्या लोहारकामाचं अस्सल चित्रण' वाटतो. हे सोडून देता येत नाही. त्यात पोलादाचा रस उघड्या साच्यात ओततात, मग घाव घालतात, मग तापलेलं पातं बर्फात खुपसतात. ओतून करायची ती काशाची तलवार. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. कोळशाच्या साध्या भट्टीत १२०० च्या आसपास मळीने (धातुकातल्या टाकाऊ अंशाने) भरलेला लोखंडाचा सच्छिद्र गोळा मिळतो, तो ठोकून ठोकून मळी काढावी लागते. कार्बन ४ टक्क्यांवर गेला तर ११५० ला रस होतो खरा, पण ते बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड. बिडाची तलवार पहिल्या घावाला तुटते.

रातखेळ:
चित्रपट दंतकथा सांगतोय, तिथे तापमापक कशाला? सुरुवातीला बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीतच; आग, पोलाद, बर्फ आणि पोलेडोरिस यांचं संगीत यांवर सगळा डोलारा उभा आहे. अन्याय झाला तो संगीतावर. रोममध्ये एवढा मोठा वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं, आणि चित्रपटगृहांत ते गेलं मोनोमध्ये, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीवर. त्यावर कुणी धागा काढत नाही.

खांडा:
ऐरणकर, पोलादाचा रस होतच नसे असा तुमच्या लिहिण्याचा अर्थ निघतो, आणि तो चूक आहे. दख्खनमध्ये तो होत होता. तेलंगणातल्या कोनसमुद्रमचं पोलाद इराणी व्यापारी येऊन नेत. मातीची मूस, आत लोखंडाचे तुकडे आणि कार्बनसाठी लाकूड किंवा पानं, तोंड लिंपून बंद, मग तासन्‌तास भाता. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास गेला की वितळबिंदू उतरतो.

ऐरणकर:
मी 'साध्या भट्टीत' लिहिलंय, आधी नीट वाचा. आणि तो रस कुणी साच्यात ओतला? मुशीतच सावकाश निववत, म्हणून तर पात्यावर लाटांची नक्षी उठे. हाती यायची ती लहानशी वडी, आणि तीही मंद लाल तावावरच घडवायची. पिवळ्या-पांढऱ्या तावावर घण मारला की तिचा भुगा होतो. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

खांडा:
ओतण्यापुरतं मान्य. बर्फावर मात्र तुम्ही उगाच घसरलात. पाणी द्यायचं म्हणजे झटकन थंड करायचं, आणि बर्फ थंडच असतो.

ऐरणकर:
थंड असून भागत नाही, उष्णता ओढून नेता आली पाहिजे. भुसभुशीत बर्फात निम्म्याहून जास्त हवा असते. तापलेलं पातं टेकलं की वाफेचा पापुद्रा होतो आणि पातं त्या पोकळीत अधांतरी राहतं. साध्या कार्बन पोलादाला ५५० अंशांच्या खाली यायला सेकंदभराचीच मुभा असते. ती चुकली की धार मऊ राहते. शिवाय एक बाजू आधी निवली की पातं वाकतं. पाणी द्यायचं ते चुंबक चिकटेनासं झाल्यावर, पातं उभं बुडवून. नंतर २०० ते ३०० अंशांवर पुन्हा शेकायचं, नाहीतर काचेसारखं तडकेल. चित्रपटात ही शेवटची पायरी नाहीच.

रातखेळ:
पायऱ्या मोजत बसलात तर चित्रपटासाठी जोडी सॅमसन यांनी घडवलेल्या त्या दोन तलवारी, बापाची आणि थडग्यातली, दिसणारच नाहीत. तलवारबाजीचे प्रशिक्षक कियोशी यामाझाकींनी शिकवलेले हातही दिसणार नाहीत. सरळ दुधारी जड पातं, आणि चाल जपानी! वाद घालायचा तर यावर घाला, तिथे खरोखर दोन मतं होऊ शकतात.

खांडा:
जड पातं दोन हातांनी खांद्यावरून आणायचं तर ती चाल वाईट नाही. अडचण थांबवण्याची आहे. लढाईतली दोन हाती तलवार साधारण दीड किलोची. त्याहून जड झाली की घाव चुकल्यावर ती माणसालाच ओढत नेते आणि बगल उघडी पडते.

रातखेळ:
आता मूळ मुद्दा. शेवटच्या लढाईत खलनायकाचा साथीदार रेक्सॉर याच्या हातात सुरुवातीला घडवलेली हीच कोनानच्या बापाची तलवार असते, आणि कोनानला थडग्यातून मिळालेल्या तलवारीच्या घावाने ती तुटते. ऐरणकर, ओतलेली, शेकायची राहिलेली तलवार तुटणार हे तुम्हीच सांगितलंत. मग चित्रपट चुकला कुठे?

ऐरणकर:
तुटते तिथे चुकला नाही, एवढं मान्य करतो. तुटकं पातं घेऊनच कोनान खलनायक थल्सा डूमचा शिरच्छेद करतो, तेही पटतं. पण भट्टी चुकीचीच आहे. मूळ पोस्टमधला 'अस्सल' शब्द काढा, मग संगीतावर बोलू.