समाज बदलला तरी संस्कृतीचे काय टिकते?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. सध्या मानवशास्त्राचे प्राथमिक वाचन करीत आहे. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज मर्डॉक यांनी १९४५ मध्ये, ज्ञात असलेल्या सर्व संस्कृतींत आढळणाऱ्या सत्तरांहून अधिक गोष्टींची वर्णानुक्रमे यादी दिली. तीत विवाह, अंत्यविधी, वारसाहक्काचे नियम आहेत, तशीच थट्टामस्करी आणि हवामानावर ताबा मिळवण्याची खटपटही आहे. (थट्टेला विवाहाच्या पंक्तीत मान मिळालेला पाहून बरे वाटले.) माझी अडचण अशी, की हे सगळे सर्वत्र असतेच, तर समाज बदलतो असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय बदलते?

उंबरठा:
ती यादी मथळ्यांची आहे, मजकुराची नाही. मूल कित्येक वर्षे परावलंबी असते आणि माणूस मेल्यावर त्याच्या देहाची व त्याच्या रिकाम्या जागेची व्यवस्था लावावी लागते, हे कोणत्याच समाजाला चुकलेले नाही. म्हणून संगोपनाचे आणि अंत्यविधीचे रकाने सगळीकडे सापडतात. त्या रकान्यांत काय भरले जाते ते मात्र इतके वेगळे असते, की क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६६ मध्ये अशा सार्वत्रिक गोष्टींवर त्या पोकळ असल्याचा आक्षेप घेतला. मला तो आक्षेप अर्धाच पटतो. आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये दाखवले होते, की दूरदूरच्या समाजांतील संस्कारांत जुन्या स्थितीपासून तुटणे, मधल्या उंबरठ्यावर थांबणे आणि नव्या स्थितीत सामील होणे असे तीन टप्पे पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणजे साम्य नुसते मथळ्यात नाही, मांडणीतही आहे.

सावकाश:
आपल्या प्रश्नाचे उत्तर मला एका कुऱ्हाडीत सापडले. ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क द्वीपकल्पावरील यिर योरोंट लोकांविषयी लॉरिस्टन शार्प यांनी १९५२ मध्ये जे लिहिले, त्यातील ही हकीकत आहे. तेथे दगडी कुऱ्हाड घडवण्याचा अधिकार प्रौढ पुरुषांचाच होता. पण लाकूड फोडण्यासाठी ती सर्वाधिक वापरत असत स्त्रिया, आणि त्यांना ती दर वेळी नवऱ्याकडून, वडिलांकडून किंवा थोरल्या भावाकडून मागून घ्यावी लागे. कुऱ्हाडीचा दगड शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून, व्यापारी भागीदारांच्या साखळीतून हातोहात येत असे, आणि ही देवघेव कोरड्या ऋतूतील मेळाव्यांत होई. शिवाय कुऱ्हाड हे एका कुळाचे देवकही होते.

पुढे मिशनऱ्यांनी पोलादी कुऱ्हाडी वाटल्या, त्या स्त्रियांना आणि तरुणांनाही. लाकूड तर सोपेपणाने फुटू लागले, पण वडीलधाऱ्या पुरुषावर बायकामुलांकडे कुऱ्हाड मागायची वेळ आली. दूरच्या भागीदाराची गरज कमी झाली, तसा मेळाव्यांतील रसही ओसरला. वाचलेल्या वेळेचे काय झाले, यावर शार्प यांचे निरीक्षण मजेशीर आहे: तो बहुतांशी झोपेत गेला. नातेव्यवस्था, देवघेव, वयाचा मान हे मर्डॉक यांच्या यादीतले रकाने नंतरही भरलेलेच राहिले. बदलले ते एवढेच, की कोणी कोणापुढे हात पसरायचा.

निरभ्र:
सावकाश यांचे उदाहरण मोलाचे आहे, परंतु त्यावरून बाहेरची वस्तू आली की समाज विस्कटतोच, असा ग्रह होऊ नये. उत्तर अमेरिकेतील चेरोकी समाजाच्या सिक्वोया यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. कागदावरच्या खुणा बोलतात, एवढेच त्यांनी पाहिले होते. त्या एका कल्पनेवर त्यांनी अनेक वर्षे खपून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी अक्षरांची मालिका पूर्ण केली, जिच्यात आज ८५ खुणा आहेत. त्यांतील काही रोमन अक्षरांसारख्या दिसतात, मात्र उच्चार अगदी वेगळे: रोमन ‘डी’सारखी खूण ‘अ’ अशी वाचली जाते, तर ‘डब्ल्यू’सारखी ‘ला’ अशी. १८२८ मध्ये त्याच लिपीत वृत्तपत्रही निघाले. उसने घेतलेले येथेही होते, पण काय घ्यायचे आणि त्याचा उच्चार काय ठेवायचा, हे घेणाऱ्याने ठरवले. कुऱ्हाडीच्या बाबतीत कोणाच्या हाती काय द्यायचे हे देणाऱ्यानेच ठरवून टाकले. माझ्या मते फरक येथे आहे. अवजार आणि कल्पना यांतला भेद दुय्यम.

पाटीपेन्सिल:
सर्वांचे आभार. देवकाचा मुद्दा मात्र मनातून जात नाही. दगडी कुऱ्हाडीला कुळ होते आणि पूर्वजांची कथा होती, तर पोलादी कुऱ्हाडीचे काय झाले?

सावकाश:
तिच्यासाठी कथाच नव्हती. ती कुऱ्हाडीचे देवक असलेल्या जुन्या कुळाची मानायची, की गोऱ्या माणसांशी जोडल्या गेलेल्या दुसऱ्या कुळाची, याचा उलगडा त्यांना होत नव्हता, आणि ज्या समाजात प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या पूर्वजाच्या खाती मांडलेली असे, तेथे ही कुऱ्हाड रोज हातात असूनही बेवारस राहिली.