मदत हवी आहे: झेब्राफिशच्या भ्रूणात एमआरएनए टोचतोय, पण अर्धंच अंग चमकतं

माडावरचा:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात एमएस्सीचा प्रकल्प करतोय. झेब्राफिश म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात तो छोटा पट्टेरी मासा. त्याच्या एकपेशी भ्रूणात जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा) एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा निरोप, काचेच्या सुईने टोचायचा आणि हिरवी चमक कुठे कुठे पोचते ते बघायचं. हे जमलं तरच खऱ्या जनुकाला हात लावायचा, असं मॅडमनी बजावलंय.

बऱ्याच भ्रूणांत चमक एकाच बाजूला दिसते, दुसरी बाजू कोरी. आणि दुसऱ्या दिवशी निम्मी तरी पांढरी पडून मेलेली. न टोचलेली भावंडं ठणठणीत असतात. (आधी संशय विहिरीच्या पाण्यावर घेतला होता. जांभ्यातलं पाणी, बिचारं निर्दोष निघालं.)

रात्री नर-मादी जाळीने वेगळे ठेवतो, सकाळी दिवे लागले की सहाही टाक्यांच्या जाळ्या एकदम काढतो. अंडी अ‍ॅगरोजच्या (जेलीसारख्या थराच्या) खाचांत बसवून बलकात टोचतो, सोबत मिसळलेल्या फिनॉल रेड या रंगाचा लाल ठिपका दिसला की पुढचं. खोलीत एसी नाही, पारा 32 वर. थेंब केवढा? अंदाजाने. सुईचं टोक चिमट्याने तोडतो, कधी बारीक तुटतं, कधी जाड.

खाडीकाठ:
'अंदाजाने' इथेच घोळ आहे रे. मिनरल ऑइलमध्ये, मायक्रोमीटरच्या पट्टीवर थेंब सोडून मोज. व्यास 0.1 मिमी भरला तर साधारण अर्धा नॅनोलीटर, 0.125 ला एक. 0.2 झाला तर चारच्या वर! व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट, डोळ्याला ते कळत नाही. सुई बदलली की पुन्हा मोजायचं, तिथे आळस नको. एक रांग नुसत्या फिनॉल रेडची टोच. तीही मेली तर दोष टोचण्याचा, जगली तर तुझ्या एमआरएनएकडे बघ.

अर्धी चमक उशिरामुळे. 28.5 अंशांना पहिली विभागणी पाऊण तासात होते, तुझ्या 32 ला त्याहून लवकर. एकपेशी असताना बलकात टोचलेलं प्रवाहाबरोबर वर पेशीत चढतं. पेशी वेगळ्या झाल्या की ज्या बाजूला गेलं तिथलंच. सहा टाक्यांची अंडी एकदम हातात आल्यावर शेवटच्या रांगेला तू पोचणार कधी? जाळ्या एकेक काढ, मध्ये वीसेक मिनिटं जाऊ दे. अंडी 25 अंशांवर ठेवलीस तर अजून थोडी सवड मिळते.

माडावरचा:
दादा, फिजिक्सवाल्यांकडून मायक्रोमीटर उसना आणला. थेंब 0.19 निघाला, म्हणजे साडेतीन नॅनोलीटर ओतत होतो! लाजच वाटली. उद्या दोनच टाक्या, एकेक करून.

अजून एक. पावसात इथे पहाटे लाईट जाते, टाक्यांच्या दिव्यांचा टायमर मागे पडतो, आणि मासे भलत्याच वेळी अंडी घालतात. टायमर इन्व्हर्टरवर ठेवून कोणी केलंय का? की बॅटरीवरचा वेगळा मिळतो?