उच्चार एक, स्पेलिंग दोन: हा खटाटोप कशाला?

वैतागलेला_वाचक:
काल एका सूचनेत "15 मिनिटांचा ब्रेक" इंग्रजीत लिहिला आणि स्पेलिंग पडलं गाडीच्या ब्रेकचं, बी-आर-ए-के-ई. हवं होतं बी-आर-ई-ए-के. स्पेलचेक गप्प, कारण शब्द खरा होता! मराठीत जेवणाचा ब्रेक नि गाडीचा ब्रेक आपण सारखेच लिहितो, कोणाचं अडतं? बोलताना तर इंग्रजांचंही अडत नाही. मग कागदावरच हे सोवळं का? ऐकू येतं तसं लिहावं.

जुनी_बाराखडी:
सोवळं कसलं, जुन्या उच्चारांचे ठसे आहेत ते. नाइट म्हणजे रात्र आणि 'के' लावलेला नाइट म्हणजे सरदार, हे पूर्वी वेगळेच ऐकू यायचे. जुन्या इंग्रजीत दुसरा साधारण 'क्निख्त' (तेव्हा अर्थ पोरगा, नोकर, बढती नंतर मिळाली). त्यातला क् 17व्या शतकाच्या सुमारास बोलण्यातून गळला, लिहिण्यात राहिला. 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला, पुढे स्पेलिंगं हळूहळू गोठली, उच्चार मात्र बदलतच राहिले. मांसाचा मीट आणि भेटण्याचा मीट यांचे स्वरही निराळे होते. बदलले उच्चार, शिक्षा स्पेलिंगला?

वैतागलेला_वाचक:
मग फूल आणि पीठ यांच्या 'फ्लावर'चं काय? तो मुळात एकच शब्द. पीठ म्हणजे दळलेल्या धान्याचं 'फूल', त्यातला उत्तम भाग. जॉन्सनच्या 1755 च्या कोशातही दोन्ही एकाच स्पेलिंगखाली. इथे कुठला आलाय ठसा? शब्द लिहिणाऱ्यांनी फोडलाय.

तिरपी_रेघ:
फोडला तो वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. बोलताना "काय म्हणालास?" विचारता येतं, कागदाला कसं विचारणार? आणि ब्रेकचं उदाहरण सोयीचं निवडलंत. "सेल संपला" वाचून सांगा, घड्याळ बंद पडलं की सवलत गेली?

कानामात्रा:
@तिरपी_रेघ, ते दोन सेल इंग्रजीत उच्चारानेही वेगळे आहेत, देवनागरीत आपण एक केले. मुद्दा तरी पटला. पण आपलं दिन-दीन, सुत-सूत? बोलताना किती जण फरक करतात? तरी ऱ्हस्वदीर्घ काढा म्हटलं की इथलेच लोक अंगावर येतील.

वैतागलेला_वाचक:
मी नाही येणार, माझे तेही चुकतात. सेलचं मान्य. पण सरदाराचा तो 'के' काढला, तर "रात्र घोड्यावर बसली" असं कोण वाचणार आहे?