सल्ला हवा: लंडनहून सेव्हन सिस्टर्स आणि ब्रायटन, दोन दिवसांत

मृगजळ

सप्रेम नमस्कार. मी सप्टेंबरपासून लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. येत्या २५ आणि २६ ऑक्टोबरला, म्हणजे शनिवारी आणि रविवारी, आम्ही चौघे विद्यार्थी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाण्याच्या विचारात आहोत. शनिवारी ब्रायटन पाहावे आणि रविवारी सीफर्डपासून ईस्टबर्नपर्यंत सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून चालत जावे, असा बेत आहे. हे अंतर सुमारे २२ किलोमीटर भरते. आमच्यापैकी दोघांनी राजगड आणि हरिश्चंद्रगड केले आहेत. उरलेल्या दोघांची मजल पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे गेलेली नाही. शनिवारची रात्र ब्रायटनमध्ये काढावी की लंडनला परतावे, सर्वांना एका दिवसात एवढे चालणे झेपेल का, आणि ब्रायटनमध्ये समुद्रात बांधलेल्या गर्दीच्या धक्क्याखेरीज (पिअरखेरीज) पाहण्यासारखे काय आहे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाटसरू

बेत चांगला आहे, पण दिवसांची अदलाबदल करा. २६ ऑक्टोबरच्या पहाटे ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात. त्यामुळे शनिवारी पावणेसहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त रविवारी पावणेपाचच्याही आधी होईल. सकाळी तेवढाच उजेड लवकर मिळतो हे खरे, पण लंडनहून येणाऱ्याचा तो उजेड गाडीतच सरतो. शिवाय रविवारी रुळांची कामे काढलेली असण्याचा संभव अधिक असतो आणि मग अर्धा प्रवास बदली बसने करावा लागतो. तेव्हा शनिवारी चाला आणि रविवारी ब्रायटन पाहा.

व्हिक्टोरिया स्थानकावरून निघून लुइसला गाडी बदलली की साधारण दीड तासात सीफर्ड येते. रेलकार्ड काढले नसल्यास आधी काढा, कारण त्यावर भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. नाव '१६-२५' असले तरी पूर्णवेळ शिकणाऱ्या २६ वर्षांपुढील विद्यार्थ्यांनाही ते मिळते, ही गोष्ट आपल्याकडच्या अनेकांना वर्ष संपत आल्यावर कळते.

चालण्याची दिशा तुम्ही ठरवली आहे तीच ठेवा. येथील वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे पूर्वेकडे जाताना तो पाठीशी राहतो. सीफर्डचा पहिला चढ चढून होप गॅपवरून खाली आलात की तटरक्षकांच्या जुन्या कॉटेजांपाशी ते प्रसिद्ध दृश्य दिसते: पुढे दोन-तीन घरे, मागे एकापाठोपाठ एक पांढरे कडे. ते पाहायचे तर सीफर्डहूनच निघायला हवे, कारण खुद्द कड्यांवर चालताना पायाखालचे कडे दिसत नाहीत.

येथे मी केलेली चूक तुम्ही करू नका. कॉटेजांच्या पुढे कुकमिअर नदी समुद्राला मिळते. नकाशावर ती ओढ्याएवढी वाटल्यामुळे बूट हातात घेऊन पलीकडे जाऊ, असे मी गृहीत धरले होते. काठावर पोहोचलो तेव्हा भरती चढत होती आणि पाणी समुद्राकडून नदीत, उलट्या दिशेने, चांगल्या वेगाने शिरत होते. मुखापाशी पूल नाही. एक्सीटच्या पुलापर्यंत सुमारे दोन किलोमीटर आत जाऊन पलीकडच्या काठाने तेवढेच परत यावे लागते. हा वळसा कंटाळवाणा नाही. १८४६ मध्ये नदीसाठी सरळ कालवा खोदल्यापासून तिची जुनी नागमोडी वळणे बाजूला संथ पडून आहेत आणि त्यांत बगळे उभे असतात. तरीही वेळेच्या हिशेबात तो धरलेला असावा. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी एक्सीटलाच आहे, तेथे बाटल्या भरून घ्या.

सातारकर

वाटसरूंच्या सर्व मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु चौघांनी ईस्टबर्न गाठण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेव्हन सिस्टर्सपैकी सर्वांत उंच हेवन ब्रो जेमतेम ७७ मीटरचा आहे. हा आकडा ऐकून सह्याद्रीत फिरलेली मंडळी हसतात. मीही हसलो होतो. पण येथे एकदा चढून माथ्यावर बसायची सोय नसते. चढलात की लगेच उतरायचे आणि उतरलात की पुन्हा चढायचे, असे सात वेळा होते आणि पाचव्या टेकडीला गुडघे बोलू लागतात. त्यानंतर बीची हेडचा १६२ मीटरचा माथा बाकीच असतो.

मी बर्लिंग गॅपला थांबण्याचा सल्ला देईन. तेथवर सुमारे १४ किलोमीटर होतात आणि बहुतेक सगळा देखावा त्यात येतो. तेथे उपाहारगृह आहे आणि लोखंडी जिन्याने पुळणीवर उतरता येते. जवळची काही कॉटेजे कडा ढासळत आल्यामुळे पाडावी लागली. पलीकडच्या टेकडीवरचे बेल टूट दीपगृह १९९९ मध्ये अख्खेच्या अख्खे उचलून १७ मीटर मागे सरकवले, ते येथून चालत गाठता येते. परतीसाठी आत ईस्ट डीन गावापर्यंत दोनएक किलोमीटर चालावे, तेथे ब्रायटन आणि ईस्टबर्न या दोन्ही बाजूंना जाणारी १२ क्रमांकाची बस मिळते. बर्लिंग गॅपला थेट येणारी १३एक्स बस उन्हाळा सरल्यावर बेताचीच असते, म्हणून वेळापत्रक पाहिल्यावाचून तिच्यावर विसंबू नका. तीन वाजता पायांत बळ आणि आभाळ मोकळे असेल, तर ट्रेक केलेल्या दोघांनी पुढे ईस्टबर्नपर्यंत जावे आणि बाकीच्या दोघांना तेथे बसने येऊन भेटता येईल.

गुहागरची लेक

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते. तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी असल्यामुळे एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट कड्याच्या काठाची. हे कडे म्हणजे आपला कातळ नव्हे. शाळेत फळ्यावर घासला जाणारा खडू आहे आणि त्यात चकमकीच्या काळ्या गाठी आहेत. वरची हिरवळ काठापर्यंत सपाट दिसते, पण खालचा भाग लाटांनी पोखरलेला असू शकतो आणि वर उभ्या माणसाला ते दिसत नाही. बहुतेक ठिकाणी कुंपणही नाही. फोटो काढायचा असो वा डबा खायचा असो, काठापासून निदान पाच-सहा मीटर आत राहा. खाली उतरलात तरी कड्याला टेकून बसू नका, वरून दरड केव्हाही सुटते.

दुसरी गोष्ट भरती-सुकतीची. कुकमिअर हेवन, म्हणजे त्या नदीचे मुख, ते बर्लिंग गॅप हे अंतर खालच्या किनाऱ्याने चालण्याचा मोह होतो, पण मध्ये वर येण्यासाठी एकही वाट नाही आणि भरतीचे पाणी थेट कड्याच्या पायाला लागते. कोकणात आम्ही भरतीची वेळ विचारल्याशिवाय खाडीत पाय घालत नसू, तोच नियम येथे पाळ. तुम्ही वरूनच चाला.

बुटांबद्दल सांगायचे तर महागडे बूट नकोत, पण तळवा खाचांचा हवा. पावसानंतर ओला खडू साबणासारखा होतो आणि त्याचा पांढरा चिखल तळव्याला थरावर थर चिकटत जातो. माझ्या बुटांच्या शिवणीत तो दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत होता. छत्री आणू नका, ती पहिल्याच टेकडीवर उलटी होईल. टोपीचे जाकीट आणा.

चंपीवाला

ब्रायटनमध्ये सहा वर्षे राहिलो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. शनिवारची रात्र येथे महाग पडते. चौघांना एक खोली स्वस्तात मिळाली नाही, तर लंडनला परतून रविवारी सकाळी पुन्हा या; व्हिक्टोरियाहून येथे सुमारे तासाभरात पोहोचता येते. शाकाहाराची काळजी मुळीच नको, या शहरात त्याची उणीव नाही.

रॉयल पॅव्हिलियन आतून अवश्य पाहा. घुमट-मिनारांचा हा राजवाडा जॉन नॅश याने १८१५ ते १८२३ या काळात प्रिन्स रीजंटसाठी, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जसाठी, आजच्या रूपात आणला. त्याचे भारताशी नाते केवळ घुमटांपुरते नाही. डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभर फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी येथे रुग्णालय चालत होते. झुंबरांखाली खाटा मांडल्या होत्या आणि आवारात धर्म-जातींनुसार नऊ वेगळी स्वयंपाकघरे होती. सोवळे-ओवळे सातासमुद्रापार पोहोचले होते आणि ते सांभाळण्याची व्यवस्था साहेबाने करून दिली होती.

ब्रायटनच्या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन पॅचम गावाच्या वरच्या माळावर झाले. त्याच जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली. तिचे वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स मुंबईचे होते. ५३ जणांची नावे जवळच्या शिलेवर २०१० मध्ये कोरली गेली. छत्रीपर्यंत मोटार जात नाही. पाऊलवाटेने मेंढ्यांच्या कुरणांतून चालावे लागते. पॅचमपासून जाऊन-येऊन दोन तास धरा. शनिवारी गुडघे शाबूत राहिले असतील, तर ही टेकडी सोडू नका.

माझ्या टोपणनावाचा उगमही ब्रायटनचाच. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यांनी येथे मालिशीची स्नानगृहे चालवली आणि ते दोन राजांचे 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. इंग्रजीतील 'शॅम्पू' हा शब्द आपल्या चंपीशी नाते सांगतो. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे.

मृगजळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घड्याळाची गोष्ट आमच्या चौघांच्याही ध्यानात आलेली नव्हती. आता शनिवारी सीफर्डहून बर्लिंग गॅपपर्यंत चालण्याचे आणि तीनच्या आत पोहोचलो तरच दोघांनी पुढे जाण्याचे ठरले आहे. रात्री लंडनला परतू. रविवारी आधी छत्री पाहावी की पॅव्हिलियन, एवढेच विचारायचे राहिले.

चंपीवाला

आधी छत्री. रविवारी अंधार लवकर पडेल आणि त्या माळावर दिवे नाहीत. फक्त परत येताना बूट नीट झटका, पॅव्हिलियनमधले गालिचे भारी आहेत.