सोलव्हँगचा डॅनिश नाश्ता: वाट वाकडी करावी का?

तिखटमीठ:
पुढच्या महिन्यात सासू-सासरे पुण्याहून येताहेत. लॉस एंजेलिसहून गाडीने सॅन फ्रान्सिस्कोला जाताना सोलव्हँग या डॅनिश धाटणीच्या गावी थांबून डॅनिश नाश्ता करायचा, असं नवऱ्याने ठरवून टाकलंय. सासऱ्यांना गोड म्हणजे जीव की प्राण. सासूबाई अंडं खात नाहीत आणि 'केकमधलं चालतं' ही पळवाटही त्यांच्याकडे नाही. तिथे त्यांना खाण्यासारखं काही मिळेल का? आणि ते खरंच डॅनिश असतं, की अमेरिकन पॅनकेकमध्ये लाल-पांढरा झेंडा टोचून देतात?

ऑर्हूसकर:
नवऱ्याच्या पवनचक्क्यांच्या नोकरीपायी काही वर्षं डेन्मार्कात काढली, आता कॅलिफोर्नियात आहे. सोलव्हँगला पाहुण्यांना घेऊन जाणं माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे अधिकारवाणीने बोलते.

तिथला हुकमी पदार्थ म्हणजे एबलस्कीवर. बिडाच्या जाड तव्याला गोल खळगे असतात, त्यात लोणी आणि वर पीठ. बघताक्षणी सासूबाई 'अगं, हे तर आप्पे!' म्हणणार, पैज लावते. फरक उलटण्यात आहे. आप्पा आपण एकदाच पालथा करतो. इथे कडा धरल्या की सुईने पाव वळसा देतात, आतलं कच्चं पीठ खाली ओघळतं, मग पुन्हा पाव वळसा. असं करत पूर्ण चेंडू होतो आणि आतून हलका राहतो. पिठात ताक असतं, बऱ्याच घरांत वेलचीही. पण अंडीही असतात, तीही भरपूर. म्हणजे सासूबाई बाद. मोठे पातळ डॅनिश पॅनकेक त्याच कारणाने बाद.

आता खरं-खोटं. डेन्मार्कात सकाळी सकाळी एबलस्कीवर खाणारा माणूस मला भेटला नाही. तो डिसेंबरचा पदार्थ: नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, दुपारी-संध्याकाळी, गरम मसालेदार वाइनबरोबर. तेही बहुतेक घरांत गोठवलेल्या पाकिटातले, ओव्हनमध्ये गरम केलेले. जॅम आणि पिठीसाखर बाजूला, ज्याने त्याने बुडवून खायचं. सोलव्हँगमध्ये रासबेरी जॅम थेट वरून ओततात आणि साखर भुरभुरतात. तुमच्या सासऱ्यांना हीच पद्धत आवडेल. मला नाही आवडत, कडेचा कुरकुरीतपणा जातो. मी जॅम वेगळा मागते.

पण म्हणून गावाला नकली म्हणू नका. 1911 मध्ये डॅनिश स्थलांतरितांनी इथे जमीन घेऊन वसाहत केली, शाळा काढली, चर्च बांधलं. पवनचक्क्या आणि उतरत्या छपरांची सजावट बरीचशी नंतरची. 1947 मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात गावावर लेख आला, पर्यटक लोटले आणि गावाने स्वतःला आणखी डॅनिश करून घेतलं. माणसं खरी, देखावा गिऱ्हाइकासाठी. नाश्त्याचंही तेच: आजीची पाककृती, अमेरिकेची ताटली.

आता सासूबाई. डेन्मार्कातला रोजचा नाश्ता फारच साधा: दुधा-दह्यात ओट्स, नाहीतर ब्रेडवर लोणी आणि चीज. सुट्टीच्या दिवशी बेकरीतले ताजे गोल पाव, पोरांसाठी त्यावर चॉकलेटची पातळ कापटी (हो, ब्रेडवर चॉकलेट, आणि कुणी नावं ठेवत नाही). राय (गव्हासारखं एक धान्य) ब्रेडच्या मूळ कृतीत अंडं नसतंच. रायचं पीठ, आंबवण, पाणी, मीठ, बिया. आंबट, ओलसर, जड. एक चकती खाल्ली की दुपारपर्यंत भुकेची आठवण नाही. तेव्हा त्यांना आधी बेकरीत न्या, राय ब्रेड अंड्याशिवायचा आहे ना हे विचारून घ्या आणि लोणी-जॅम लावून द्या. गंमत म्हणजे अख्ख्या टेबलावर सगळ्यात डॅनिश नाश्ता त्यांचाच असेल! पेस्ट्रीच्या वाटेला मात्र नको. पिठात नसलं तरी वरून चकाकीसाठी अंडं फासलेलं असू शकतं.

बाकीच्यांसाठी: कोपनहेगन ड्राइव्हवरच्या सोलव्हँग रेस्टॉरंटला रस्त्याकडेची खिडकी आहे, तिथून एबलस्कीवर घेऊन उभ्याने खाता येतात. आधी एकच प्लेट घ्या. बसून पॅनकेक खायचे तर मिशन ड्राइव्हवरचं पॉलाज पॅनकेक हाऊस.

सदाप्रवासी:
ऑर्हूसकर, मेडिस्टर सॉसेजला विसरलात! लवंग आणि ऑलस्पाइस घातलेलं, गोड जॅमच्या माऱ्यानंतर जिभेला तेवढंच बरं.

ऑर्हूसकर:
विसरले नाही, मुद्दाम गाळलं. ते डुकराच्या मांसाचं असतं. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांच्या ताटात न विचारता यायला नको. शिवाय तिकडे ते रात्रीच्या जेवणात, बटाटे आणि तपकिरी रश्शाबरोबर असतं.

सदाप्रवासी:
मान्य. @तिखटमीठ, सांता बार्बराहून 154 क्रमांकाच्या रस्त्याने घाट चढून जाण्यापेक्षा 101 ने ब्युएल्टनपर्यंत जा आणि तिथून 246 वर वळा. ज्येष्ठांना वळणं सोसत नाहीत. शनिवार-रविवारी उशीर झाला तर दारात ताटकळावं लागतं. सप्टेंबरात 'डॅनिश डेज' असतात, तेव्हा तर विचारूच नका.

तिखटमीठ:
दोघांचे आभार! राय ब्रेडचं सुचलंच नसतं. खाऊन झाल्यावर थोडं चालण्याजोगं काही? आणि मुख्य प्रश्न: सासूबाईंना चहा लागतो. चहा म्हणजे आपला चहा.

ऑर्हूसकर:
गावाच्या कडेलाच सांता इनेस मिशन (स्पॅनिश धर्मप्रसारकांचं जुनं चर्च) आहे, 1804 चं, म्हणजे डॅनिश लोकांच्या शंभरेक वर्षं आधीचं. आवारात सावलीत बसता येतं.

चहाच्या बाबतीत अपेक्षा ठेवू नका. गरम पाण्याचा कप आणि बाजूला कोरडी पिशवी येईल. पाणी उकळतं हवंय असं आधीच सांगा, दोन पिशव्या मागा आणि दूध गरम करून वेगळं द्यायला सांगा, नाहीतर फ्रिजमधलं गार येतं. आलं-वेलचीची पूड पर्समध्ये ठेवा.